दुनळीची किंमत आणि दुनळीची प्रत



आर. के. पुरममध्ये केंद्र सरकारच्या आणि सेनादलांच्या नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. येथून मेहरौली-बदरपूर रस्त्याने तुघलकाबादची डॉ. कर्णी सिंग शूटिंग रेंज गाठता येते. त्यामुळे घरातल्या मुलामुलींना नेमबाजीची गोडी लागली, की काही पालक माझ्याकडे एक प्रश्न घेऊन येतात. लष्करात माझा ट्रेड शस्त्रदुरुस्तीचा, म्हणजे आर्मररचा, होता. प्रश्न साधारण असा असतो : “शॉटगन घ्यायची आहे. स्वस्तातली घेतली तर चालेल का, की एकदाच चांगली महागडी घ्यावी?”

या प्रश्नातच एक गृहीत धरलेले आहे, की महाग म्हणजे चांगली. काही वस्तूंच्या बाबतीत ते बरेचसे खरे असते, बंदुकीच्या बाबतीत अर्धेच खरे आहे. किंमत कशाची मोजतो आहोत आणि प्रत कशाला म्हणायचे, हे वेगवेगळे काढून पाहिले तर निर्णय सोपा होतो. या पाठात तेच करायचे आहे.

१. बारा बोअर म्हणजे काय?

रायफलच्या नळीला आतून पीळ असतो आणि तिच्यातून एकच गोळी जाते. शॉटगनची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून छऱ्यांचा पुंजका जातो. नळीचे माप ‘बोअर’मध्ये सांगतात. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या १२ गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती १२ बोअर. हे गणित तुम्ही स्वतः करून पाहा. एक पौंड म्हणजे सुमारे ४५३.६ ग्रॅम, त्याचा बारावा भाग ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता ११.३४ धरली तर आकारमान ३.३३ घन सेंटिमीटर येते आणि गोलाचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. हेच १२ बोअरच्या नळीचे माप. म्हणूनच १६ बोअर, २० बोअर असा आकडा वाढत गेला, की नळी लहान होत जाते.

ट्रॅप आणि स्कीट या स्पर्धांत हवेत उडणाऱ्या तबकडीवर नेम धरायचा असतो. तबकडीचा व्यास ११० मिलिमीटर आणि वजन सुमारे १०५ ग्रॅम. काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छर्रे चालतात. छर्रा २.४ मिलिमीटरचा धरला तर २४ ग्रॅममध्ये जवळजवळ ३०० छर्रे बसतात.

हा फरक खरेदीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. महाराष्ट्राची नेमबाजीतली ओळख मुख्यतः रायफल आणि पिस्तूल यांची : अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचे असते. तिथे नळीची अचूकता मिलिमीटरमध्ये विकत घ्यावी लागते आणि पैसा थेट कागदावर दिसतो. शॉटगनचा पुंजका तबकडीपर्यंत पोहोचेतो हाताच्या परातीएवढा पसरलेला असतो. तिथे नळीच्या केसाएवढ्या अचूकतेपेक्षा बंदूक तुमच्या नजरेबरोबर वळते की नाही, यावर तबकडी फुटणे अवलंबून असते. रायफलच्या खरेदीचा अनुभव शॉटगनला जसाच्या तसा लावू नये, तो यासाठी.

२. किमतीआधी परवाना

आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. स्वतःच्या नावावर परवाना घेण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याआधी प्रशिक्षणासाठी, नियमांत घातलेल्या अटींवर आणि देखरेखीखाली, बंदूक वापरता येते. दिल्लीत परवान्याचे काम दिल्ली पोलिसांच्या लायसन्सिंग विभागाकडे असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. त्यामुळे “आधी एक स्वस्त घेऊ, मग एक मधली, मग एक चांगली” हा मार्ग कायद्यानेच अरुंद केला आहे. पहिली निवड विचार करून करावी लागते, त्याचे हे एक कारण.

याच दुरुस्तीने लग्नात, वरातीत हवेत बार काढणे हा वेगळा गुन्हा ठरवला. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिकार तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे बंदच आहे. म्हणजे हौसेची शॉटगन म्हटली, की तिची जागा रेंजवर. बंदूक घेताना “ही घेऊन मी तबकड्या मारणार आहे” हे एकच काम डोळ्यांसमोर ठेवावे.

३. बाजारात काय मिळते आणि भाव का फसवतो

तीन प्रकारच्या बंदुका समोर येतात.

पहिला प्रकार देशी कारखान्यांचा. सरकारी आयुध कारखाने १२ बोअरच्या बंदुका करत आले आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ जाऊन त्याच्या जागी सात कंपन्या आल्या. त्यांतील शस्त्रांचे काम अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडे आले. बिहारमधील मुंगेरला परवानाधारक बंदूक कारागिरांची जुनी परंपरा आहे. मीर कासीमने १७६० च्या दशकात तिथे राजधानी नेली आणि शस्त्रशाळा काढली, तेव्हापासूनची. या बंदुका साध्या असतात, सुटे भाग मिळतात, दुरुस्ती सोपी असते.

दुसरा प्रकार जुन्या विलायती दुनळींचा. आजोबा-पणजोबांच्या काळी आलेल्या, नळ्या शेजारी-शेजारी असलेल्या, पोलादावर वेलबुट्टी कोरलेल्या.

तिसरा प्रकार स्पर्धेसाठी केलेल्या परदेशी बंदुकांचा. यांत एक नळी वर आणि एक खाली असते. बेरेटा, पेराझी, क्रीगहॉफ ही नावे तुम्ही रेंजवर ऐकाल. बेरेटा घराण्याने व्हेनिसच्या शस्त्रागाराला नळ्या पुरवल्याची नोंद १५२६ ची आहे.

आता भावाकडे पाहा. सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. ठरलेली गुणसंख्या गाठणाऱ्या प्रथितयश नेमबाजांना ती सवलत मिळते आणि त्या बंदुका पुढे विकण्यावरही अटी असतात. त्यामुळे देशात असलेल्या परदेशी बंदुका मोजक्याच राहतात. माल थोडा आणि मागणी जास्त असली की भाव चढतो, हे तुम्ही अर्थशास्त्रात शिकता. जुन्या विलायती दुनळीची जी किंमत सांगितली जाते, तिचा मोठा भाग या टंचाईचा असतो. नळीच्या पोलादाचा नसतो. विकणारा टंचाईची किंमत लावतो आणि घेणारा ती प्रतीची किंमत समजतो. नाव मोठे, लक्षण खोटे, असे प्रत्येक वेळी नसते. पण नाव आणि लक्षण दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात.

४. प्रत म्हणजे नेमके काय?

मी बंदुकीची प्रत चार भागांत मोडतो आणि त्यांचा क्रम बदलत नाही.

(अ) सुरक्षितता. काडतूस फुटताना होणारा दाब नळी आणि कुलूप सहन करतात का?

(आ) माप. बंदूक वापरणाऱ्याच्या अंगाला बसते का?

(इ) टिकाऊपणा. हजारो बार झाल्यावरही सांधा घट्ट राहील का, सुटे भाग मिळतील का?

(ई) शोभा. अक्रोडाच्या लाकडाच्या रेषा, कोरीवकाम, सोन्याची तार, पेटी.

महाग बंदुकीत जास्तीचा पैसा कुठे जातो? काही पैसा खरोखर कामाच्या जागी जातो. दोन नळ्या अशा जोडाव्या लागतात, की दोन्हींचे छर्रे ठरावीक अंतरावर एकाच जागी पडावेत. हे काम चाचणी घेत घेत हाताने करावे लागते. नळी आणि तिच्यामागचा पोलादी ठोकळा यांचा सांधा इतका बसवावा लागतो, की मध्ये प्रकाश दिसू नये. चाप दर वेळी सारख्याच दाबाला सुटावा लागतो. या तिन्ही गोष्टींसाठी दिलेला पैसा सार्थकी लागतो. पण एका पातळीनंतर वाढणारी किंमत मुख्यतः (ई) कडे जाते. कोरीवकामाने तबकडी फुटत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. (अ) मध्ये काटकसर नावाची गोष्ट नाही. प्रूफचा शिक्का नसलेली, क्रमांक खोडलेली, नळी कुठेतरी डाग देऊन जोडलेली बंदूक फुकट मिळाली तरी घेऊ नये. बेकायदा कट्ट्याचा तर विचारही नको. तो गुन्हा आहे आणि तो हातात फुटतो.

५. तपासणीचा क्रम

बंदूक हातात आली, की पहिले काम : नळी सुरक्षित दिशेला, बंदूक उघडा, दोन्ही चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. समोरच्याने “रिकामी आहे” म्हटले तरी तपासा. मग पुढचा क्रम :

एक, कागद. परवाना, बंदुकीचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक अक्षरशः जुळले पाहिजेत. विकणाऱ्याला बंदूक विकण्याचा अधिकार आहे का, हे लायसन्सिंग विभागाकडून आधी कळून घ्या.

दोन, प्रूफचा शिक्का. नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून नळीची परीक्षा घेतात आणि मगच शिक्का मारतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. जुन्या विलायती बंदुकीच्या नळीखाली हे शिक्के असतात. शिक्का काळ्या दारूचा आहे की आजच्या धूरविरहित दारूचा, हे जाणकाराकडून वाचून घ्या. पोलाद आणि लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेल्या, नागमोडी नक्षी दिसणाऱ्या दमास्कस नळ्या भिंतीवर शोभतात. आजचे काडतूस त्यांत घालू नये.

तीन, चेंबरची लांबी. इथे बहुतेकांची नजर चुकते. जुन्या अनेक विलायती दुनळींचे चेंबर अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर असते. आजची बहुतेक काडतुसे पावणेतीन इंच, म्हणजे ७० मिलिमीटर असतात. गंमत अशी, की हे ७० मिलिमीटर उडवून उघडलेल्या काडतुसाचे माप आहे. न उडवलेले काडतूस तोंड दुमडलेले असल्यामुळे आखूड असते आणि ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसते. बंदूक बंद होते, सगळे ठीक वाटते. बार झाल्यावर मात्र दुमड उघडायला जागा मिळत नाही, तोंड पुढच्या निमुळत्या भागात अडकते आणि दाब वाढतो. म्हणून “काडतूस बसते” ही परीक्षा नव्हे. माप घेऊनच खात्री करावी.

चार, नळी आतून. उजेडाकडे धरून पाहा. आतली वर्तुळे गोल आणि अखंड दिसली पाहिजेत. कुठे सावलीचे कडे दिसले तर तिथे नळी फुगलेली आहे. गंजाचे खोल खड्डेही नकोत.

पाच, सांधा. पुढचा लाकडी भाग काढून, बंदूक बंद करून नळ्या हलक्या हाताने हलवून पाहा. हालचाल जाणवली तर सांधा झिजला आहे. वरची कळ बंदूक बंद झाल्यावर मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे थांबत असेल तर आयुष्य शिल्लक आहे. मध्य ओलांडून डावीकडे गेली असेल तर झीज झाली आहे.

सहा, चाप आणि सेफ्टी. नकली काडतुसे, म्हणजे स्नॅप कॅप, घालून दोन्ही चाप पाहा. सेफ्टी लावून चाप दाबला तर काहीच होता कामा नये. मात्र लक्षात ठेवा, बहुतेक दुनळींची सेफ्टी फक्त चाप अडवते. तिच्यावर विसंबून बंदूक भरून फिरायचे नाही. रेंजवर आपल्या जागेबाहेर बंदूक उघडी आणि रिकामीच ठेवायची.

सात, छऱ्यांचा पसारा. शक्य असेल तर रेंजवर, अधिकाऱ्यांच्या परवानगीने, मोठ्या कागदावर बार काढून पाहा. ४० यार्ड, म्हणजे ३६.६ मीटरवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे पडतात ते मोजतात. फुल चोकच्या नळीतून सुमारे ७० टक्के, तर इम्प्रूव्हड सिलिंडरमधून सुमारे ५० टक्के अपेक्षित असतात. ३०० छर्रे धरले तर २१० आणि १५०. दोन्ही नळ्यांचे वर्तुळ एकाच ठिकाणी पडते की नाही, हेही याच कागदावर कळते. विकणाऱ्याच्या तोंडी वर्णनापेक्षा हा कागद जास्त बोलतो.

६. मापाची बंदूक

गणवेश दुसऱ्याच्या मापाचा असेल तर कापड कितीही भारी असो, परेडला तो शोभत नाही. बंदुकीचेही तसेच आहे. शॉटगनला रायफलसारखी मागची साइट नसते; नेमबाजाचा डोळाच मागची साइट असतो. गाल दस्त्यावर टेकला, की डोळा नळीच्या पट्टीच्या मधोमध आणि किंचित वर यायला हवा. दस्ता लांब असला तर खांद्याला लावताना कपड्यात अडकतो; आखूड असला तर अंगठा नाकावर येतो. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर प्रौढ माणसाला साधारण १४ ते साडेचौदा इंच लागते, लहान बांध्याच्या मुलामुलींना कमी.

घरी करण्यासारखी परीक्षा अशी. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा. आता डोळे उघडा. नळीच्या टोकाचा मणी पट्टीच्या मध्यावर दिसला तर माप जवळपास बरोबर आहे. मान वळवून किंवा गाल दाबून तो मध्यावर आणावा लागत असेल, तर ती बंदूक तुमची नाही. तुमचा प्रबळ डोळा कोणता, हेही प्रशिक्षकाकडून आधीच तपासून घ्या.

वजनाचा संबंध धक्क्याशी आहे. २४ ग्रॅम छर्रे सेकंदाला ४०० मीटर वेगाने गेले तर त्यांचा संवेग ०.०२४ × ४०० = ९.६ एकक. दारूचा वायू आणि बूच सोडून देऊ. २.९ किलोची हलकी दुनळी ३.३ मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे येईल आणि तिची गतिज ऊर्जा सुमारे १५.९ ज्यूल असेल. ३.६ किलोच्या स्पर्धेच्या बंदुकीत हेच आकडे २.७ आणि १२.८ ज्यूल. म्हणजे हलक्या बंदुकीचा धक्का जवळजवळ पाव पटीने जास्त. एका बाराला हा फरक सोसतो. दिवसाला शंभर बारांना खांदा चाप दाबण्याआधीच आकसू लागतो. रानात दिवसभर हातात घेऊन चालण्यासाठी केलेली हलकी, नाजूक, महागडी दुनळी ट्रॅपच्या सरावाला का जड जाते, याचे उत्तर या गणितात आहे.

७. खरा खर्च कुठे होतो?

पुढचे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. ते बाजारभाव नव्हेत. आजचे भाव घालून तुम्ही हिशेब पुन्हा मांडा.

समजा, एका कुटुंबाने पाच वर्षांसाठी एकूण साडेसहा लाख रुपये बाजूला काढले. साधी पण निर्दोष बंदूक दीड लाखाला आणि नक्षीची नामवंत बंदूक साडेचार लाखांना मिळते. एका काडतुसामागे, तबकडीचा खर्च धरून, ५० रुपये लागतात.

साधी घेतली तर उरतात पाच लाख, म्हणजे १०,००० काडतुसे, वर्षाला २,०००.

नक्षीची घेतली तर उरतात दोन लाख, म्हणजे ४,००० काडतुसे, वर्षाला ८००.

फरक ६,००० बारांचा. नेमबाजी बारांनी येते. स्कीटची एक फेरी २५ तबकड्यांची. म्हणजे नक्षीसाठी आपण २४० फेऱ्या दिल्या. हिशेबात तपासणी, दस्ता मापाला लावून घेणे, कुलूपबंद कपाट, काडतुसांसाठी वेगळी कुलूपबंद जागा, कानाचे आणि डोळ्यांचे संरक्षण यांचा खर्च धरायला विसरू नका. तो बंदुकीच्या किमतीचाच भाग आहे.

काडतुसांवरून एक आपल्याकडची गोष्ट. भारतात वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या ‘शक्तिमान’ काडतुसांच्या बुडाशी केएफ ही अक्षरे असतात. ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीची. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. बंदूक कुठलीही घेतली, तरी तिचा खुराक कुठे आणि कसा मिळणार, हे खरेदीआधी विचारायचे असते. परवान्यावर काडतुसांची मर्यादाही लिहिलेली असते. वर्षाचा सराव त्या मर्यादेत बसतो का, तेही पाहावे.

याच हिशेबाची दुसरी बाजू : दीड लाखाची बंदूक दोन वर्षांत सांधा सोडू लागली आणि सुटे भाग मिळेनात, तर ती स्वस्त राहत नाही. चांगल्या बंदुकीला पुढे विकताना किंमत येते, झिजलेलीला येत नाही. म्हणून मी “स्वस्त घ्या” असे म्हणत नाही. (अ), (आ), (इ) यांना लागेल तेवढे द्या आणि (ई) साठीचे पैसे काडतुसांना ठेवा, असे म्हणतो.

८. एका घरातला निर्णय

इथल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांची मुलगी तीन वर्षे प्रशिक्षकाच्या बंदुकीवर सराव करत होती. एकवीस पूर्ण झाल्यावर तिचा परवाना आला. वडिलांनी दोन बंदुका पाहून ठेवल्या होत्या. एक जुनी विलायती दुनळी, चंदेरी वेलबुट्टीची. दुसरी एका नेमबाजाने वापरलेली वर-खाली नळ्यांची साधी बंदूक, काळ्या पोलादाची, लाकडावर ओरखडे पडलेली. पहिलीची किंमत दुसरीच्या जवळजवळ तिप्पट. त्यांच्या मनात पहिली होती. “लेकीला एकदाच घेऊन देतोय, कमीपणा नको,” असे ते मला म्हणाले. त्यासाठी मुदत ठेव मोडायची त्यांची तयारी होती.

आम्ही वरच्या क्रमाने दोन्ही तपासल्या. विलायती दुनळीचे कागद चोख, नळ्या आतून आरशासारख्या, कळ अजून उजवीकडे. चेंबर मोजले, तर ६५ मिलिमीटर. मुलीच्या सरावाची काडतुसे ७० ची. विकणारे गृहस्थ म्हणाले, “आम्ही तर हीच वापरतो, काही होत नाही.” ते खोटे बोलत होते असे नाही, इतके दिवस काही झाले नसेल. पण आपल्या मुलीच्या गालापासून वीतभर अंतरावर तो दाब रोज शंभरदा वाढवायचा का, हा प्रश्न होता. शिवाय डोळे मिटून खांद्याला लावल्यावर मणी दर वेळी डावीकडे जात होता. ती बंदूक तिच्या वेळच्या कोणा उंच, रुंद खांद्याच्या माणसासाठी केलेली होती.

दुसऱ्या बंदुकीचा सांधा घट्ट होता, चेंबर ७० चे होते, कागदावर दोन्ही नळ्यांचे छर्रे एकाच ठिकाणी पडले. दस्ता मात्र मुलीला लांब होता. लाकूड कापून आखूड करता येते. लहान चेंबरची जुनी नळी वाढवून घेणे म्हणजे तिचे पोलाद कमी करणे आणि पुन्हा प्रूफची परीक्षा. सुभेदार साहेब बराच वेळ गप्प होते. मग मुलीलाच म्हणाले, “बाळा, तुला कुठली हवी?” ती म्हणाली, “बाबा, ओरखड्यांची. आणि ठेव राहू द्या, काडतुसांना लागेल.”

दस्ता पाऊण इंच आखूड करून रबरी पॅड बसवले. ओरखडे तसेच आहेत.

९. शेवटी

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये आपल्या लष्करातले मेजर राज्यवर्धन सिंग राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवले. त्यांच्या स्तरावर उत्तम बंदूक लागतेच, कारण तिथे एकेका तबकडीचा हिशेब असतो. २०२४ मध्ये पॅरिसला स्कीटच्या मिश्र जोडीत महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नारुका यांचे कांस्यपदक ४४ विरुद्ध ४३ असे एका तबकडीने हुकले. पण ती पातळी गाठणारे नेमबाज आधी हजारो बारांतून गेलेले असतात. सुरुवातीची बंदूक त्या हजारो बारांना पुरणारी असावी : सुरक्षित, मापाची, टिकाऊ. शक्य असेल तिथे पहिले वर्ष प्रशिक्षकाच्या किंवा क्लबच्या बंदुकीवरच काढा. आपले माप काय आणि आपली आवड टिकते का, हे दोन्ही त्या वर्षात कळते. पालकांनीही एवढे पाहावे, की बंदूक मुलाच्या हौसेच्या मापाची आहे, आपल्या प्रतिष्ठेच्या मापाची नाही.

स्वाध्याय

१) २० बोअरच्या नळीचा व्यास वरच्या रीतीने काढा.

२) ३.२ किलोच्या बंदुकीची मागे येण्याची गतिज ऊर्जा काढा आणि पाठातल्या दोन आकड्यांशी ताडून पाहा.

३) काडतुसाचा खर्च ७० रुपये धरून सातव्या भागातला हिशेब पुन्हा मांडा. दोन बंदुकांमधला फरक आता किती फेऱ्यांचा होतो?

४) ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये बसते, तरी ते वापरू नये. कारण चार ओळींत लिहा आणि घरी पालकांना समजावून सांगा.